गुडगुडेराव मुरले

एका जंगलात काय काय घडलं, ते माझ्याइतकं नीट कोणालाच सांगता येणार नाही. त्या जंगलातलं झाडन्‌झाड मला ठाऊक आहे. म्हणजे, मी तिथे गेलेलो नाही. झाडांतही मला आंबा आणि बाभूळ एवढीच ओळखता येतात, आणि आंबासुद्धा आंबे लागल्यावरच. पण गोष्ट खरी आहे. मुलांनो, ज्यांना खोटी वाटत असेल त्यांनी उठून अभ्यासाला बसावं.

कोणी उठलं नाही. बरं.

तर त्या जंगलात एक टर्की राहत होता. त्याचं नाव गुडगुडेराव. टर्की म्हणजे कोंबडीच्या घराण्यातलाच पक्षी, पण थोरल्या पातीचा. अंग गाठोड्याएवढं. डोकं टकलं. गळ्याखाली लाल कातडं लोंबलेलं, जसा काही आटलेला मफलर. तोंड उघडलं की आधी 'गुडगुडगुड' असा आवाज यायचा आणि मग शब्द. घाबरले की नुसताच आवाज. शब्द मागे राहायचे.

गुडगुडेरावांना एक बायको होती. ती चिमणाबाई. नाव ठेवलं तेव्हा ती नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती, म्हणून ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. आता ती फांदीवर बसली की फांदी वाकून जमिनीची चौकशी करायची. दोघं एका खुराड्याचं दार उघडं राहिलं म्हणून जंगलात आलेली. बरं चाललं होतं.

पण गुडगुडेरावांच्या मनात एक सल होता.

"मोराला बघायला सगळं जंगल जातं," ते म्हणायचे. "पिसारा मलाही आहे."

"आहे की," चिमणाबाई म्हणायची. "पण तुम्ही तो फुलवलात की लोक विचारतात, पडलात का?"

त्या जंगलाचा राजा सिंह. आपण त्यांना नुसतं महाराज म्हणू, कारण नाव घेतलं तर त्यांना राग येतो आणि मला अजून जगायचंय. महाराज सगळं कच्चं खायचे. बापही कच्चं खायचा, आजाही. कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग कोल्हेसाहेब परदेशातून आले.

कोल्हेसाहेब परदेशी कसे गेले? जहाजात बसून. परत कसे आले? त्याच जहाजात बसून, कारण तिथे त्यांना कोणी उतरूच दिलं नाही. पण जहाज बंदराला लागलं होतं तेव्हा एका भोकातून त्यांना लांबवरचं एक अंगण दिसलं. तिथे काही गोऱ्या लोकांनी खाऱ्या पाण्याच्या पिंपातून एक टर्की बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि उकळत्या तेलात सोडला. मग जहाज सुटलं. एवढा कोल्हेसाहेबांचा अभ्यास. पण आमच्याकडे याहून कमी अभ्यासावर लोकांनी सत्कार घेतलेत.

कोल्हेसाहेब दरबारात आले तेव्हा महाराज एक तंगडी चघळत होते.

"महाराज," कोल्हेसाहेब हळूच म्हणाले, "कच्चं? अजून?"

महाराजांनी तंगडी पाठीमागे लपवली. "मग हल्ली काय करतात?"

"हल्ली आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात. मग तेलात तळतात."

"म्हणजे लोणचं."

"लोणचंच, महाराज. पण लोणचं म्हणायचं नाही. म्हटलं की गावठी होतं."

महाराजांचा वाढदिवस जवळ आला होता. शेजारच्या जंगलाचा वाघ जेवायला यायचा होता. वाघासमोर गावठी दिसायचं म्हणजे फार झालं. महाराजांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कोल्हेसाहेब गुडगुडेरावांच्या झाडाखाली हजर.

"गुडगुडेराव, महाराजांच्या वाढदिवसाच्या मेजवानीत मुख्य जागा तुमची."

"मुख्य म्हणजे?"

"अगदी मधोमध. सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर. तुम्ही आल्याशिवाय कोणी घासच उचलणार नाही."

मुलांनो, यात कोल्हेसाहेब एक शब्दही खोटं बोलले नाहीत, हे लक्षात ठेवा. मोठी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही.

"आणि मी?" वरून चिमणाबाईने विचारलं.

"तुम्ही पुढच्या वर्षी," कोल्हेसाहेब म्हणाले.

गुडगुडेराव पिसारा फुलवून निघाले. वाटेत दोन माकडांनी विचारलं, पडलात का? त्यांनी लक्ष दिलं नाही.

दरबार म्हणजे एक मोठी गुहा. आत गारवा. कोपऱ्यात पोटाला रुंद असा मातीचा रांजण. रांजणापाशी आचारीण, अस्वल मावशी, पळीने पाणी ढवळत उभी.

"आधी अंघोळ," मावशी म्हणाली.

गुडगुडेराव खुशीत आत उतरले. पाणी गार होतं. खारं होतं. असेल, राजवाड्यात खारं पाणी असेल. मग एक पान तरंगत नाकासमोर आलं.

"मावशी, अंघोळीच्या पाण्यात तमालपत्र?"

"वासाला."

"आणि हे मिरे?"

"अंगदुखीला."

"आणि ती पलीकडे एवढी मोठी कढई?"

मावशी स्वयंपाकाला चांगली होती, थापांना कच्ची. ती म्हणाली, "ती नंतरची." आणि तिने रांजणावर दगडी झाकण ठेवलं. झाकणाला मधे भोक होतं. भोकातून गुडगुडेरावांची मान बाहेर आली. आता सगळं दिसत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. दरबारात बऱ्याच जणांचं असंच असतं, पण त्यांचं झाकण दिसत नाही.

"पिसं काढायची का, साहेब?" मावशीने कोल्हेसाहेबांना विचारलं.

जहाजाच्या भोकातून पाहिलेल्या टर्कीला पिसं होती की नव्हती, ते कोल्हेसाहेबांना आठवेना. "पिसांसकट," ते ठणकावून म्हणाले. "त्यानेच कुरकुरीत होतो."

"आणि मारायचा कधी?"

"मारायचा नाही. जिवंत असला की मीठ आपणहून पितो. मावशी, हे शास्त्र आहे."

गुडगुडेरावांनी कढईकडे पाहिलं. म्हणजे आपण पाहुणे नाही. आपण पान वाढल्यावर येणारी वस्तू आहोत. त्यांना ओरडावंसं वाटलं. पण शब्द मागे राहिले, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

एवढ्यात महाराज आले आणि दरबार भरला.

"आमचा गुडघा दुखतो," महाराज म्हणाले. "तेव्हा आजपासून जंगलातल्या सगळ्या हरणांनी सावकाश पळावं. असा हुकूम आहे."

हरणांचा प्रतिनिधी जमिनीकडे बघू लागला. तेवढ्यात रांजणातून थरथरता आवाज आला.

"गुड... गुड... गुड..."

महाराजांनी कान टवकारले. "हा काय म्हणतोय?"

कोल्हेसाहेबांनी क्षणभर विचार केला. परदेशात जाऊन आल्याचा काहीतरी उपयोग दाखवायलाच हवा होता.

"परदेशी भाषा, महाराज. गुड म्हणजे उत्तम. तो तीनदा उत्तम म्हणाला."

महाराजांनी आयाळीवरून पंजा फिरवला. "आमच्या दरबारात आजवर कोणी तीनदा म्हणालं नव्हतं."

मुलांनो, गुडगुडेराव थंडीने आणि भीतीने कुडकुडत होते. पण त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचं कुडकुडणं जरा थांबलं. अस्सं होय, ते मनात म्हणाले.

पुढच्या हुकुमाला त्यांनी मुद्दाम आवाज काढला.

पाण्यावर राजमुद्रा उठवायची, असं महाराज म्हणाले. गुडगुडगुड. घुबडांनी दिवसा काम करावं. गुडगुडगुड. पावसाने आधी कळवून यावं. गुडगुडगुडगुड! त्या दिवशी महाराज इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या पंजाने रांजणात मूठभर मीठ जास्त घातलं.

आणि तिकडे अस्वल मावशी रोज विचारायची, "साहेब, मुरला का?"

कोल्हेसाहेब पाण्यात बोट बुडवायचे. बोट नाकाशी न्यायचे. छताकडे बघायचे. जहाजाच्या भोकातून त्यांनी टर्की पिंपाबाहेर निघताना पाहिला होता. आत कधी गेला होता ते पाहिलंच नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायला ते काही अडाणी नव्हते.

"अजून थोडा," ते म्हणायचे.

असं रोज. अजून थोडा, अजून थोडा. गुडगुडेराव तसेच आत. बोटांना सुरकुत्या पडल्या. पिसं स्पंजासारखी फुगली. पण मान मात्र हळूहळू ताठ झाली. हुकूम काढण्याआधी महाराज आता रांजणाकडे वळून बघायचे. उंट, गेंडे, तरस अशी बडी मंडळी कामं घेऊन रांजणापाशी यायची आणि वाकून बोलायची. वाकावंच लागायचं, मान तेवढीच वर होती. पण गुडगुडेरावांना तो नमस्कार वाटायचा.

"गुडगुडेराव दरबारात चांगलेच मुरलेत हो," तरस म्हणायचा.

"अजून थोडे," कोल्हेसाहेब सवयीने म्हणायचे.

असं करता करता वाढदिवसाचा दिवस उजाडला. आता 'अजून थोडा' म्हणायला जागा उरली नाही. मावशीने कढईखाली जाळ केला. कोल्हेसाहेबांनी झाकण काढलं.

"आता कोरडा करायचा," ते म्हणाले. अंगणात फडक्याने पुसलेला त्यांनी पाहिला होता. कशासाठी पुसला, ते अर्थात दिसलं नव्हतं.

गुहेबाहेर एका खडकावर गुडगुडेरावांना उन्हात ठेवलं. बांधलं नाही. पहारा नाही. पंख मोकळे, वर आभाळ मोकळं. पण गुडगुडेराव आता साधे टर्की राहिले नव्हते.

"उन्हात? मी?" ते म्हणाले. "सावली करा."

दोन माकडं केळीची पानं धरून उभी राहिली. त्या सावलीत गुडगुडेराव ओले ते ओलेच राहिले.

एवढ्यात वरची फांदी वाकली. चिमणाबाई आली होती.

"अहो, उडा!"

"हळू बोल. माकडं ऐकतायत."

"ऐकू देत. ती कढई दिसत नाही का तुम्हाला? त्यातलं तेल कोणासाठी तापतंय?"

"पुऱ्या असतील."

"सिंह पुऱ्या खातो?"

गुडगुडेराव जरा थांबले. मग त्यांनी मान वर केली. "अगं, तुला दरबारातलं कळायचं नाही. महाराज माझ्याशिवाय एक हुकूम काढत नाहीत. मला ते तळतील? मी मुरलेला माणूस आहे."

"मुरलेलंच तळतात. मुरवायचं कशासाठी मग?"

"आणि असा पळून जाऊ? महाराजांचं मीठ खाल्लंय मी. पिसापिसात आहे. मिठाला जागायला नको?"

"ते मीठ तुम्हाला खायलाच घातलंय," चिमणाबाई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते?"

बायकोला पटलं, असं गुडगुडेरावांना वाटलं. मुलांनो, तुम्ही ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. गुडगुडेरावांनी एकदाच ऐकलं.

"अहो, मी पाया पडते तुमच्या. एकदा फक्त पंख हलवा. घरी जाऊ. लोकांनी पडलात का विचारलं तर विचारू देत. मी नाही विचारणार पुन्हा कधी."

गुडगुडेरावांच्या पंखात काहीतरी हललं. खरंच हललं. पण आतून तुतारी वाजली, मेजवानी सुरू झाली, आणि कोणीतरी हाक मारली, "गुडगुडेरावांना आणा! मधोमध!"

झालं. ते उठून आपल्या पायांनी आत गेले.

आत वाघ पाहुणा पाट मांडून बसला होता. तेलातून धूर निघत होता. ते पाहिल्यावर मात्र गुडगुडेरावांना सगळं पुन्हा एकदम कळलं. कळायला तसा उशीरच झाला, पण कळलं.

महाराजांचे डोळे भरून आले होते. "गुडगुडेराव," ते म्हणाले, "तुमची फार सवय लागली हो. तुम्हाला तळायला मन धजत नाही. पण पाहुणे पानावर बसलेत. तुम्हीच सांगा. तळू की नको?"

दरबार थांबला. वाघ थांबला. मावशीची पळी थांबली.

गुडगुडेरावांनी 'नको' हा शब्द मनात नीट जुळवला. सगळा जीव त्या दोन अक्षरांत आणला. आणि तोंड उघडलं.

"गुडगुडगुडगुड..."

"चारदा!" कोल्हेसाहेब ओरडले. "महाराज, चारदा उत्तम!"

मागून येणारा 'नको' टाळ्यांत बुडाला.

महाराजांनी डोळे पुसले. "असा निष्ठावंत पुन्हा होणे नाही. घाला."

हा मान कोल्हेसाहेबांनी दुसऱ्या कोणाला घेऊ दिला नाही. त्यांनी गुडगुडेरावांना पायांनी धरून कढईवर उलटं टांगलं. गुडगुडेरावांना खाली तेल दिसलं, तेलात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते तोंड त्यांना फारच मूर्ख वाटलं.

मग एका पिसाच्या टोकाला एक थेंब जमला. आणि पडला.

ओला वडा तेलात सोडला तर काय होतं, हे तुमच्या आईला विचारा. तो वडा असतो. इथे पिसांसकट मुरलेला अख्खा टर्की होता, रांजणभर पाणी प्यायलेला. थेंबामागे धार लागली. तेल तडतडलं, मग फुगलं, मग कढईचा काठ ओलांडून जाळावर आलं, आणि जाळ थेट गुहेच्या छताला भिडला.

"मेजवानी फार छान झाली!" वाघ म्हणाला. पण तो हे गुहेबाहेरून, पळता पळता म्हणाला.

कोल्हेसाहेबांची शेपटी पेटली. त्यांनी गुडगुडेरावांना सोडून शेपटी धरली. आणि गुडगुडेरावांनी, मुलांनो, जन्मात पहिल्यांदा मन लावून पंख मारले. पण धुरात दिशा कळेना. ते उडाले आणि धप्पकन पडले ते नेमके महाराजांच्या मांडीवर.

महाराजांच्या अर्ध्या मिशा गेल्या होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पाहुणा पळाला होता. त्यांनी शास्त्र-बिस्त्र काही पाहिलं नाही, बापजाद्यांसारखा गुडगुडेरावांच्या मांडीला कचकन चावा घेतला.

आणि थुंकले.

"थू! थू! पाणी! हा टर्की आहे की मिठागर?"

जिभेवर पंजा चोळत महाराज ओढ्यावर गेले आणि ओढा अर्धा करून आले. तोवर जाळ विझला होता, आणि गुडगुडेराव जागेवरच होते. मांडी ठणकत होती, पण शाबूत होती. तळायचं तेल सांडलेलं, कच्चं खावं तर खारट. आता आपलं काय करणार, हे त्यांना कळेना. महाराजांनाही कळेना.

"उद्या सगळ्या जंगलात हसं होणार," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज जरा लहान झाला होता. "वाघ सांगत सुटेल. काय सांगायचं लोकांना?"

आणि मग गुडगुडेरावांच्या तोंडून, गुडगुड झाल्यावर, महाराजांसमोर पहिल्यांदाच शब्दही नीट बाहेर आले.

"सांगा, वाढदिवसाचं दारूकाम होतं."

महाराज वळले. "आणि मिशा?"

"मिशा नव्या पद्धतीच्या. पुढच्या महिन्यात वाघही तशाच ठेवेल."

महाराजांनी उरलेल्या मिशांवरून पंजा फिरवला. "अरे," ते म्हणाले, "हा तर खरंच मुरलाय."

त्याच दिवशी गुडगुडेराव मंत्री झाले. कोल्हेसाहेबांनाही कोणी काही बोललं नाही. जळकी शेपटी दाखवून ते हल्ली तळणाच्या अनुभवावर व्याख्यानं देतात.

आणि जंगलात मुरण्याची साथ आली. जो तो मीठ कालवून डबक्यात बसू लागला. एका सशाला मात्र धीर नव्हता. जरासा बसला, अंग झटकलं आणि "मुरलो, मुरलो!" करत दरबारात आला. महाराज म्हणाले, "ये, बैस जवळ."

मीठ अगदी नेमकं लागलं होतं.

तात्पर्य: थोडं मुरू नये. मुरायचं तर इतकं मुरावं की खाणाऱ्यानेच थुंकावं.

हे तात्पर्य माझं नाही, मला कुठलं सुचतंय. ते मंत्री गुडगुडेरावांनी स्वतः सांगितलं, आणि तेही हौदात बसून. महाराजांनी त्यांच्यासाठी खास गोड्या पाण्याचा हौद बांधून दिलाय. दिवसभर आत बसायचं. अस्वल मावशी येऊन पाणी बदलून जाते. महाराज सकाळ-संध्याकाळ जातीने येतात, मायेने मंत्र्यांच्या पाठीवरून पंजा फिरवतात आणि जाता जाता पंजा चाटून बघतात.

"एवढा मान आजवर कोणाला मिळाला का, सांग," गुडगुडेराव म्हणाले.

हौदाच्या काठावर बसलेली चिमणाबाई म्हणाली, "खुराड्यात होतो तेव्हा मालकीण खारा बांगडा असाच पाण्यात ठेवायची. मीठ उतरेपर्यंत."